दस्तऐवजांचे अधिप्रमाणन, परदेशी वापरासाठी

दस्तऐवजांचे अधिप्रमाणन, परदेशी वापरासाठी : एका देशातील शासकीय, न्यायिक वा शैक्षणिक अधिकाऱ्याने दिलेला दस्तऐवज दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा, म्हणून त्यावरील सही, सही करणाऱ्याचे अधिकारपद आणि उमटविलेला शिक्का ही खरी असल्याबद्दल सक्षम अधिकाऱ्याने लेखी दिलेली शाश्वती. नोकरी, उच्च शिक्षण, विवाह, कुटुंबीयांना सोबत नेणे, दत्तकविधान, वारसा व मालमत्तेचे व्यवहार अशा कारणांनी परदेशाशी संबंध येणाऱ्या व्यक्तीस जन्माचा दाखला, विवाहनोंदणीचे प्रमाणपत्र, पदवी, गुणपत्रके, पोलिसांचे चारित्र्य-प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, मुखत्यारपत्र इ. कागद सादर करावे लागतात. अकोले तालुक्यातील एखाद्या ग्रामपंचायतीने दिलेला जन्माचा दाखला पुण्याच्या पासपोर्ट कचेरीत चालतो. कारण दाखला देणारा आणि घेणारा एकाच कायद्याच्या छत्राखाली असतात. तोच दाखला मस्कत किंवा लिस्बन येथील अधिकाऱ्यापुढे गेला, म्हणजे सही करणारा निबंधक होता की नव्हता, हे ठरविण्याचे कोणतेही साधन त्या अधिकाऱ्याजवळ नसते. ही उणीव भरून काढणे एवढेच अधिप्रमाणनाचे कार्य आहे.

व्यवहारात तीन भिन्न गोष्टींची गल्लत होते. छायाप्रत मूळ प्रतीबरहुकूम आहे असे राजपत्रित अधिकाऱ्याने अथवा विशेष कार्यकारी अधिकाऱ्याने लिहून देणे, हे साक्षांकन होय. महाराष्ट्र शासनाने २०१५ पासून बहुतेक शासकीय कामांसाठी अर्जदाराचे स्वसाक्षांकन पुरेसे मानले आहे. परंतु परदेशी कामास त्याचा उपयोग नाही. मूळ दस्तऐवजावरील सहीची खात्री देणे, हे अधिप्रमाणन. येथील पदवी तेथील कोणत्या पदवीच्या बरोबरीची मानावयाची, हे ठरविणे म्हणजे समकक्षता. तो निर्णय त्या देशातील विद्यापीठाचा, व्यावसायिक परिषदेचा वा मूल्यमापन संस्थेचा असतो. कागद ‘पक्का’ झाला म्हणजे पदवीला मान्यता मिळाली, अशी समजूत करून घेऊन अनेक उमेदवार फसतात.

पूर्वेतिहास : कागदाच्या खरेपणाची हमी देण्याची गरज नवी नाही. मराठेशाहीतील राजपत्रांवर शिरोभागी मुद्रा आणि अखेरीस मोर्तब उमटविले जाई. मोर्तबाच्या पुढे मजकूर वाढविता येत नसे. पत्राची नोंद दफ्तरात झाल्याचे दर्शविणाऱ्या ‘बार’ यासारख्या खुणाही त्यावर असत. शिक्का, अधिकाऱ्याची खूण आणि दफ्तरातील नोंद ही तीन अंगे आजच्या अधिप्रमाणनातही जशीच्या तशी आढळतात. मात्र ही हमी राज्याच्या अंमलापुरती होती. परक्या राज्यात कागद चालावयाचा, तर त्या राज्याच्या प्रतिनिधीने त्यावर आपली मान्यता नोंदविणे आवश्यक होते. यातूनच यूरोपात वाणिज्यदूताकडून दस्तऐवज प्रमाणित करून घेण्याची रीत रूढ झाली.

ब्रिटिश अमदानीत भारतीय विद्यार्थ्यांचा ओघ मुख्यतः इंग्लंड-स्कॉटलंडकडे होता. पारनेर येथे जन्मलेले पांडुरंग महादेव (सेनापती) बापट हे १९०४ मध्ये मुंबई विद्यापीठाची मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोस अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी गेले. त्या काळी भारतातून बाहेर जाण्यास पासपोर्टचीही सार्वत्रिक सक्ती नव्हती. ती पहिल्या महायुद्धाच्या काळात आली आणि १९२० च्या भारतीय पासपोर्ट कायद्याने कायम झाली. स्वातंत्र्यानंतर ‘राजनैतिक व वाणिज्यदूत अधिकारी (शपथ व शुल्क) अधिनियम, १९४८’ या कायद्याने परदेशातील भारतीय वकिलातींना शपथ देण्याचा व नोटरीची कामे करण्याचा अधिकार मिळाला. देशांतर्गत नोटरींचे नियमन करणारा अधिनियम १९५२ मध्ये संमत झाला. १९७३ नंतर खनिज तेलाचे भाव वाढून आखाती देशांत बांधकामे, रुग्णालये व कारखाने झपाट्याने उभे राहिले. तेथे कुशल कामगार, परिचारिका व तंत्रज्ञ मोठ्या संख्येने जाऊ लागले, आणि तेव्हापासून अधिप्रमाणन हा वकील व व्यापारी यांच्यापुरता विषय न राहता सामान्य कुटुंबांच्या दारात आला. १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमाखालील व्यवस्थेत दहावी उत्तीर्ण नसलेल्यांना ठराविक देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी शासनाची परवानगी घ्यावी लागते. त्यामुळे दहावीचे प्रमाणपत्र शिक्षणाबरोबरच प्रवासाचाही दस्तऐवज बनले.

साखळी पद्धती आणि हेग करार : जुन्या पद्धतीत दस्तऐवजाला सह्यांची एक साखळी पार करावी लागे. नोटरी किंवा विद्यापीठ, नंतर राज्य शासनाचा विभाग, नंतर दिल्लीतील परराष्ट्र मंत्रालय, नंतर संबंधित देशाची वकिलात आणि कित्येकदा त्या देशात पोहोचल्यावर तेथील परराष्ट्र मंत्रालय. प्रत्येक पायरीवरचा अधिकारी फक्त आपल्या आधीच्या सहीची ओळख पटवतो. त्याच्याजवळ असलेल्या नमुना सह्यांशी ती जुळली, की त्याचे काम संपते. मूळ मजकुराकडे या साखळीतील कोणीही पाहत नाही.

ही दगदग कमी करण्यासाठी खाजगी आंतरराष्ट्रीय कायद्याविषयीच्या हेग परिषदेने ५ ऑक्टोबर १९६१ रोजी एक करार तयार केला. तो २४ जानेवारी १९६५ पासून अंमलात आला. या कराराने वकिलातीचे प्रमाणन रद्द करून त्याऐवजी दस्तऐवज देणाऱ्या देशाच्याच सक्षम अधिकाऱ्याचे एकमेव प्रमाणपत्र पुरेसे ठरविले. त्यास ॲपोस्टिल म्हणतात. हा फ्रेंच शब्द असून त्याचा मूळ अर्थ समासात लिहिलेली टीप असा आहे. प्रमाणपत्राचा नमुना कराराच्या परिशिष्टातच दिलेला आहे. तो किमान नऊ सेंमी. बाजूचा चौरस असावा, त्याचे शीर्षक फ्रेंच भाषेतच असावे आणि त्यात दहा क्रमांकित रकाने असावेत, असे बंधन आहे. देशाचे नाव, सही करणाऱ्याचे नाव, त्याचे अधिकारपद, शिक्क्याचे वर्णन, स्थळ, दिनांक, प्रमाणित करणारा अधिकारी, अनुक्रमांक, शिक्का व सही असे हे रकाने होत. दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची नोंदवही ठेवणे आणि कोणीही विचारणा केल्यास नोंदीशी ताडून सांगणे हे सक्षम अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. न्यायालयीन कागद, प्रशासकीय दस्तऐवज, नोटरीचे लेख आणि खाजगी कागदांवरील अधिकृत प्रमाणलेख यांना करार लागू होतो. वकिलातीने स्वतः दिलेल्या कागदांना तसेच व्यापारी व जकातविषयक व्यवहारांशी प्रत्यक्ष संबंधित प्रशासकीय दस्तऐवजांना तो लागू होत नाही.

भारताने २६ ऑक्टोबर २००४ रोजी या करारात प्रवेश केला व १४ जुलै २००५ पासून तो भारतापुरता अंमलात आला. नव्याने प्रवेश करणाऱ्या देशाबाबत जुन्या सदस्यांस सहा महिन्यांच्या मुदतीत आक्षेप घेता येतो, आणि आक्षेप घेणाऱ्या देशापुरता करार लागू होत नाही. जर्मनीने भारताच्या प्रवेशाबाबत असा आक्षेप घेतला. बनावट कागदांच्या अनुभवामुळे जर्मन वकिलातींनी भारतीय दस्तऐवजांचे साधे प्रमाणनही थांबविले आणि त्याऐवजी विश्वासू वकिलांमार्फत प्रत्यक्ष चौकशीची रीत स्वीकारली. चौकशीचा खर्च अर्जदाराकडे असतो. भारतातून विद्यार्थी म्हणून जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी जर्मनीने १ नोव्हेंबर २०२२ पासून शैक्षणिक कागदांच्या स्वतंत्र पडताळणीचे प्रमाणपत्र आवश्यक केले. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्यासंबंधी करार केल्यानंतर ग्रामीण भागातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांनाही या भेदाची जाणीव असणे अगत्याचे झाले आहे. ॲपोस्टिल हाती आहे म्हणून जर्मनीचा मार्ग मोकळा झाला, असे होत नाही.

आखाती देशांची स्थिती संमिश्र आहे. ओमानमध्ये २०१२ पासून, बहारीनमध्ये २०१३ अखेरपासून व सौदी अरेबियात ७ डिसेंबर २०२२ पासून करार लागू झाला. संयुक्त अरब अमिराती, कुवेत व कतार हे २०२४ अखेर कराराबाहेर होते, त्यामुळे तेथे जुनी साखळीच पाळावी लागे. कॅनडामध्ये करार ११ जानेवारी २०२४ पासून अंमलात आला. सदस्यांची यादी अशी वरचेवर बदलत असल्याने कागद करण्यापूर्वी तत्कालीन स्थिती पाहणे भाग आहे. पाच वर्षांपूर्वी गेलेल्या शेजाऱ्याचा अनुभव येथे बहुधा उपयोगी पडत नाही.

भारतातील कार्यपद्धती : भारतातील सक्षम अधिकारी म्हणजे परराष्ट्र मंत्रालय होय. मंत्रालयाच्या वाणिज्यदूत, पासपोर्ट व व्हिसा विभागाची कचेरी दिल्लीत टिळक मार्गावरील पतियाळा हाऊसच्या आवारात आहे. २०१२ पासून कागद स्वीकारण्याचे व परत देण्याचे काम नियुक्त खाजगी सेवासंस्थांकडे सोपविण्यात आले आणि २०१९ पासून प्रमाणनाचे काम मुंबईसह अनेक शहरांतील शाखा सचिवालये व प्रादेशिक पासपोर्ट कार्यालये यांकडे विभागून देण्यात आले. ॲपोस्टिलचे शासकीय शुल्क प्रत्येक दस्तऐवजास ५० रुपये असून साध्या साक्षांकनास शुल्क नाही; सेवासंस्थेचा आकार वेगळा. मध्यस्थ मागतात त्या रकमेशी हे आकडे ताडून पाहण्यासारखे आहेत.

मंत्रालय थेट ग्रामपंचायतीची वा महाविद्यालयाची सही ओळखत नाही. त्याकरिता राज्य शासनाची मधली सही लागते. जन्म, मृत्यू, विवाह, प्रतिज्ञापत्र, मुखत्यारपत्र इ. वैयक्तिक दस्तऐवज राज्याच्या गृह वा सामान्य प्रशासन विभागाने, शैक्षणिक दस्तऐवज राज्याच्या शिक्षणविषयक विभागाने आणि व्यापारी दस्तऐवज वाणिज्य मंडळाने आधी प्रमाणित केलेले असावेत, असा नियम आहे. दस्तऐवज ज्या राज्यात दिला गेला, त्याच राज्याची सही चालते. सोलापूरच्या मुलाने धारवाडला पदवी घेतली असेल, तर त्याने मुंबईला खेपा घालून उपयोग नाही; त्याचा मार्ग बंगलोरहून जातो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘ई-सनद’ या संगणकीय योजनेत, ज्या संस्थांचे अभिलेख संगणकावर उपलब्ध आहेत त्यांचे कागद प्रत्यक्ष हाताळल्याविना पडताळून देण्याची सोय आहे. अडचण आहे ती जुन्या कागदांची.

अहिल्यानगर जिल्ह्यातील दस्तऐवज : चौदा तालुक्यांच्या या जिल्ह्यातील (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) एखाद्या कुटुंबाचे कागद एका ठिकाणाहून निघत नाहीत. दहावी व बारावीची प्रमाणपत्रे राज्य मंडळाच्या पुणे विभागाची; अहमदनगर महाविद्यालय (स्थापना १९४७) यासारख्या कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालयांच्या पदव्या पुणे विद्यापीठाच्या; कृषी पदव्या राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या (स्थापना १९६८); वैद्यकीय व परिचर्येच्या पदव्या नासिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या (१९९८), तर लोणी येथील प्रवरा अभिमत विद्यापीठाच्या (२००३) पदव्या त्याच संस्थेच्या नावाच्या. तंत्रनिकेतनांच्या पदविका पुन्हा राज्य तंत्रशिक्षण मंडळाकडून येतात. प्रत्येक उगमाची पडताळणीची रीत निराळी असून परिचारिकेला याखेरीज आपल्या परिचर्या परिषदेकडील नोंदणी व सद्वर्तनाचा दाखला लागतो. घरातील भाऊ-बहिणींनी एकाच वेळी अर्ज केले, तरी एकाचा कागद आठवड्यात आणि दुसऱ्याचा दोन महिन्यांनी मिळतो, तो बहुधा यामुळे.

स्थलनामे व संस्थानामे बदलल्यानेही प्रश्न उद्‌भवतात. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाचे इंग्रजी नाव प्रथम पूना, नंतर पुणे आणि २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे झाले. आईची पदवी, मुलाची पदवी आणि नातवाची पदवी एकाच विद्यापीठाच्या असूनही परक्या अधिकाऱ्यास ती तीन विद्यापीठे वाटतात. जिल्ह्याचे नाव बदलल्यानंतर पासपोर्टवरील जन्मस्थळ आणि नव्याने काढलेल्या दाखल्यावरील जिल्हा यांतही असाच फरक पडतो. जुन्या नावाने दिलेले कागद वैधच राहतात. नवा दाखला घेण्याची आवश्यकता नाही. नामांतराच्या राजपत्रातील अधिसूचनेची प्रत सोबत ठेवल्यास खुलासा देणे सोपे जाते.

जन्मनोंदणीचा प्रश्न याहून खोल आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा असून महाराष्ट्रात तो १९७० पासून लागू झाला. ग्रामीण भागात निबंधकाचे काम ग्रामसेवकाकडे (२०२४ पासून या पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी) असते. त्यापूर्वीच्या नोंदी गावच्या कोतवालबुकात, म्हणजे गाव नमुना क्र. १४ मध्ये सापडतात. जुन्या नोंदी मोडी लिपीत असल्याने त्यांचे लिप्यंतर करून घ्यावे लागते. त्यांत पुष्कळदा बालकाचे नाव नसते. ‘अमक्यास मुलगी झाली’ एवढेच असते. नंतर शाळेत घातलेल्या नावाशी त्या नोंदीचा दुवा कागदोपत्री कोठेच नसतो. नोंदच नसेल, तर तसे सांगणारे अनुपलब्धता प्रमाणपत्र मिळते आणि अनेक वकिलाती शाळेच्या दाखल्यासह ते स्वीकारतात. एक वर्षाहून अधिक विलंबाने नोंद करावयाची, तर पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे; २०२३ च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांबाबत शाळाप्रवेश, पासपोर्ट इ. कामांसाठी जन्माचा दाखला हाच जन्माचा पुरावा ठरविण्यात आला आहे. यापुढील पिढीची कागदांतील विसंगती त्यामुळे बरीच कमी व्हावी.

आजच्या तीस ते साठ वयाच्या पिढीला मात्र १ जून या तारखेचा उपद्रव आहे. मूल शाळेत घालावयास आणले, जन्मतारीख कोणालाच नक्की सांगता येईना, तेव्हा गुरुजींनी वयाचा अंदाज करून जूनच्या पहिल्या तारखेस जन्म लिहून टाकावा, ही रीत महाराष्ट्रात सर्वत्र होती. त्यात हेतू चांगलाच होता. मुलाचे वर्ष वाया जाऊ नये. चाळीस वर्षांनंतर ग्रामपंचायतीच्या जुन्या नोंदवहीत खरी तारीख सापडते आणि एकाच माणसाच्या दोन जन्मतारखा परदेशी अधिकाऱ्यापुढे जातात. शाळेच्या सर्वसाधारण नोंदवहीतील तारीख विद्यार्थी शाळेत असेपर्यंतच शिक्षणाधिकाऱ्याच्या मान्यतेने बदलता येते. शाळा सोडल्यावर उघड लेखनदोष सोडून ती बदलत नाही. दहावीचे प्रमाणपत्र त्या तारखेवर, पदवी दहावीवर आणि पासपोर्ट या सर्वांवर उभा असतो. म्हणून जन्माचा दाखला मिळाला, की तो आधी इतर कागदांशी ताडून पाहावा व तफावत असल्यास कोणता कागद आधारभूत धरावयाचा, हे अधिप्रमाणनापूर्वीच ठरवावे. दोन परस्परविरोधी कागदांवर ॲपोस्टिल घेतल्याने विसंगती मिटत नाही. ती अधिकृत होते.

नावे : मराठी नावांची रचना हे नकारांचे सर्वांत मोठे कारण आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव प्रथम, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव असा क्रम असतो. पासपोर्टवर दिलेले नाव व आडनाव असे दोनच रकाने असतात. नगरकडे भाऊसाहेब, रावसाहेब, अण्णासाहेब, बाळासाहेब ही नावे घरोघर आहेत. वडिलांचे नाव एका कागदावर ‘भाऊ’, दुसऱ्यावर ‘भाऊसाहेब’ व तिसऱ्यावर ‘भाऊराव’ असते. गावात यात कोणालाच काही गैर दिसत नाही; परदेशात ते तीन बाप ठरतात, आणि ‘शिंदे सुनील भाऊसाहेब’ या उमेदवाराचे आडनाव ‘भाऊसाहेब’ समजले जाते. स्त्रियांच्या नावापुढील ‘बाई’ची कथाही हीच. रोमन लिपीत ज्ञानेश्वर हे नाव कोणी ‘डी’ने, कोणी ‘जी’ने, कोणी ‘जे’ने सुरू करतो, पवारमधील ‘व’ कोठे ‘व्ही’ तर कोठे ‘डब्ल्यू’ असतो. कागद हाताने लिहिले जात होते, तोवर हे फरक डोळ्यांआड होत. संगणक मात्र अक्षरास अक्षर जुळवितो. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदांत महाराष्ट्र शासनाने बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम लागू केला आहे. आईच्या नावास त्यामुळे योग्य स्थान मिळाले. दोनच रकाने असलेल्या परदेशी अर्जात या चार पदांची मांडणी कशी करावी, याची काळजी पालकांनी पहिल्या दाखल्यापासूनच घेतलेली बरी.

विवाहित स्त्रीची अडचण दुहेरी असते. पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने आणि दोहोंना जोडणारे विवाह-प्रमाणपत्र कित्येकदा नसतेच. कारण लग्न लागले त्या वेळी नोंदणीची गरज कोणास वाटली नाही. महाराष्ट्रात विवाहनोंदणी १९९८ च्या अधिनियमानुसार होते आणि खेड्यात तिचे निबंधकही ग्रामसेवकच असतात. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याबाबत निर्देश दिले. जुन्या विवाहाची नोंदही विलंबशुल्क भरून करता येते. नाव बदलल्याची अधिसूचना महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्ध करून घेणे हा दुसरा उपाय होय. ‘अमुक व अमुक या एकाच व्यक्ती आहेत’ असे नोटरीपुढील प्रतिज्ञापत्र सर्वांत सोपे, पण सर्वांत दुबळे. त्याने फरकाचा खुलासा होतो, मूळ नोंद बदलत नाही. नोकरीचा करार हाती येऊन पडलेला आणि रुजू होण्याची तारीख तोंडावर आलेली, अशा अवस्थेत या एका दुव्यापायी जागा हुकल्याची उदाहरणे परिचारिकांमध्ये विशेषेकरून ऐकू येतात.

कागदाची प्रत्यक्ष अवस्था : ॲपोस्टिलचे लेबल मूळ दस्तऐवजाच्या पाठीमागे चिकटविले जाते. पदवीचा कागद खराब होऊ नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये बंद (लॅमिनेट) करून ठेवण्याची ग्रामीण घरांतील प्रथा येथे नडते. अशा कागदावर शिक्का बसत नाही, लेबल चिकटत नाही आणि आवरण काढताना शाई निघून येते. अशा वेळी विद्यापीठाकडून दुसरी प्रत मागविण्यावाचून गत्यंतर नसते. मूळ पदवीवर लेबल नको म्हणून कित्येक जण नोटरीने प्रमाणित केलेल्या छायाप्रतीवर ॲपोस्टिल घेतात. कायद्यास ते मान्य आहे. तथापि त्या वेळी प्रमाणित होते ती नोटरीची सही, विद्यापीठाची नव्हे. काही देशांतील संस्था हा फरक बारकाईने पाहतात व अशी प्रत परत करतात. मराठीतील कागदांचे भाषांतर जोडावयाचे असल्यास, भाषांतर हा स्वतंत्र खाजगी कागद असून त्यासही नोटरीचे प्रमाणन आवश्यक असते, हे विसरले जाते.

मर्यादा व गैरप्रकार : ॲपोस्टिल मजकुराच्या सत्यतेची ग्वाही देत नाही. खोट्या माहितीवर खऱ्या अधिकाऱ्याने खरी सही केली असेल, तर त्या कागदावरही ॲपोस्टिल नियमानुसारच मिळते. उलट, बनावट पदवीवर बनावट लेबल लावण्याचे प्रकारही होतात. त्यांवर उपाय म्हणजे अनुक्रमांकावरून नोंदवहीत शोध घेणे. हेग परिषदेने २००६ पासून इलेक्ट्रॉनिक ॲपोस्टिल व संगणकीय नोंदवही यांचा पुरस्कार केला तो याच हेतूने. आपल्याकडे मध्यस्थांचा सुळसुळाट होण्यास अज्ञानाइतकेच अंतरही कारणीभूत आहे. जामखेड वा अकोले येथील माणसाला मुंबईच्या दोन खेपा म्हणजे चार दिवसांचा रोजगार आणि प्रवासखर्च. तेवढ्यात मध्यस्थ सर्व करून देतो म्हणतो आणि मूळ प्रमाणपत्रे ताब्यात घेतो. मूळ कागद अनोळखी व्यक्तीच्या हाती देताना किमान पोच घ्यावी आणि प्रत्येक कागदाची दोन्ही बाजूंची प्रत घरी ठेवावी. काही उमेदवारांची मूळ कागदपत्रे शुल्काच्या वादापायी अडकून राहतात. कोणाची पदवी अडवून धरणे बेकायदेशीर असले, तरी ती सोडविण्यात जाणारा काळ परत मिळत नाही.

परदेशातून भारतात येणारे दस्तऐवज : प्रवाह उलट दिशेनेही वाहतो. अमेरिकेत वा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या नगर-संगमनेरकडील कुटुंबांना वडिलार्जित जमिनीची वाटणी, विक्री अथवा घराची देखभाल यांकरिता येथील नातेवाइकास मुखत्यारपत्र द्यावे लागते. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३३ नुसार भारताबाहेर राहणाऱ्याने आपल्या वतीने दस्तनोंदणीसाठी दिलेले मुखत्यारपत्र नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी, भारतीय वाणिज्यदूत वा केंद्र शासनाचा प्रतिनिधी यांच्यापुढे लिहून त्यांच्याकडून अधिप्रमाणित केलेले असावे लागते. त्यामुळे करारातील देशांतून नोटरी व ॲपोस्टिल असा, अथवा कोठूनही थेट भारतीय वकिलातीमार्फत, असे दोन मार्ग खुले असतात. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाप्रमाणे राज्याबाहेर लिहिलेला दस्त राज्यात प्रथम आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करणे आवश्यक आहे. ही मुदत टळल्यास दंड भरावा लागतो. तसेच दुय्यम निबंधकाकडे आक्षेप निघून व्यवहार लांबतो. परदेशी नोटरीच्या सहीचे पुराव्यातील मूल्य पूर्वी १८७२ च्या पुरावा अधिनियमाखाली ठरत असे. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ याने घेतली आहे. परदेशात जन्मलेल्या मुलाचा जन्मदाखला, तेथील न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूम आणि वारसांसाठी लागणारा मृत्यूचा दाखला यांनाही हेच दोन मार्ग लागू पडतात. मात्र घटस्फोटाच्या हुकमावर ॲपोस्टिल असले, तरी तो हुकूम येथील व्यक्तिगत कायद्याच्या दृष्टीने बंधनकारक आहे किंवा नाही, याचा निर्णय भारतीय न्यायालयच करते.